मांडीवरचे मूल आणि कायद्याचा पट्टा

समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरांचा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी वाहतुकीस खुला झाला आणि नागपूरपासून निघालेला ७०१ किलोमीटरांचा मार्ग पुरा झाला. या टप्प्याचा मोठा भाग शहापूर तालुक्यातून जातो. मोटारींना सपाट भागात ताशी १२० किलोमीटर वेगाची मुभा देणाऱ्या या रस्त्यावर दुचाकी व तीनचाकी वाहनांना मज्जाव आहे. सबब, ज्या गावांच्या शिवारातून हा रस्ता गेला, त्या गावांतील बहुसंख्य कुटुंबांना आपले वाहन त्यावर घालता येत नाही. त्यांची वाहतूक पूर्वीप्रमाणेच जुन्या रस्त्यांनी चालते. शहापूरहून किन्हवलीमार्गे सरळगावला, डोळखांब-शेणव्याकडे, किंवा मुरबाडहून टोकावडे-धसईच्या बाजूला कोणत्याही सकाळी उभे राहावे; दुचाकीच्या टाकीवर पुढे बसवलेले पोर, मागे आईच्या कडेवर दुसरे, आणि जीपमध्ये आजीच्या मांडीवर पेंगणारे तिसरे, हे दृश्य इतके सरावाचे झाले आहे की त्यात काही धोका आहे असे कोणाच्या मनातही येत नाही. यातील दोन तरी प्रकार कायद्याने गुन्हा आहेत, ही गोष्ट तर त्याहून कमी लोकांना ठाऊक आहे.

मोटार वाहन कायद्यात २०१९ साली जी व्यापक दुरुस्ती झाली, तिने १९४-ब हे नवे कलम आणले. चौदा वर्षांखालील मूल सीटबेल्टने अथवा मुलांसाठीच्या खास सुरक्षा-आसनाने बांधलेले नसताना जो मोटार चालवील अथवा चालवू देईल, त्यास एक हजार रुपये दंड, असे हे कलम सांगते. तडजोडीची रक्कम किती घ्यावी हे राज्ये ठरवतात. परंतु अपराध देशभर सारखाच. दुचाकीबाबत कलम १२८ जुनेच आहे: चालकामागे एकच माणूस. लहान मूल माणसांत धरावयाचे की नाही, असा भाबडा प्रश्न नेहमी विचारला जातो. कायद्याने मुलासाठी वेगळी सवलत ठेवलेली नाही, हे त्याचे उत्तर. केरळने २०२३ मध्ये बारा वर्षांखालील मुलाला तिसरा प्रवासी म्हणून सूट मिळावी अशी केंद्राकडे मागणी केली, ती केंद्राने अमान्य केली. चार वर्षांवरील प्रत्येकास हेल्मेट सक्तीचे आहेच. आणि चार वर्षांखालील मुलांसाठी फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्राने नवा नियम अधिसूचित केला, तो वर्षभराने अमलात आला. त्यानुसार अशा मुलास चालकाशी जोडणारा बंद-पट्टा व डोक्याला हेल्मेट हवे आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत हवा.

कायदा असे का म्हणतो, याचे उत्तर शाळेतल्या पदार्थविज्ञानात आहे. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार अडथळ्यावर आदळून अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबली, तर आतील प्रत्येक देहावर त्याच्या वजनाच्या सुमारे वीसपट जोर येतो. आठ किलोचे बाळ त्या क्षणी आईच्या हातांना दीडशे किलोहून अधिक भासते. ते धरून ठेवण्याची ताकद कोणत्याही आईच्या हातांत नसते. मायेचा येथे काही उपयोग होत नाही. हाच आघात उंचीच्या भाषेत सांगावयाचा तर दहा मीटरांवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्याच्या गच्चीतून खाली पडण्याएवढा आहे. मूल मांडीवर घेऊन गच्चीच्या कठड्यावर कोणी बसत नाही. मोटारीत मात्र पुढच्या आसनावर, समोरची काच दिसावी म्हणून, मूल हौसेने बसवले जाते.

या हौसेची किंमत ठाणे जिल्ह्याने पाहिली आहे. डिसेंबर २०२४ मध्ये वाशी येथे पुढच्या आसनावर बसलेले सहा वर्षांचे मूल दगावले. पुढील मोटारीला झालेल्या अपघातात ती मागच्या मोटारीवर आदळली आणि आतील एअरबॅग उघडली. प्रौढाच्या छातीसाठी योजलेली ती पिशवी निमिषार्धात फुगते आणि लहान मुलाच्या मानेवर, चेहऱ्यावर आदळते. त्याआधी, ४ सप्टेंबर २०२२ रोजी, पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला. मागच्या आसनावरील दोघांनी पट्टा लावलेला नव्हता आणि ते दोघेच दगावले. त्यानंतर काही आठवडे मागच्या पट्ट्याची बरीच चर्चा झाली. मागे बसणाऱ्याने पट्टा लावावा हा नियम तेव्हा नवा नव्हता; केंद्रीय नियमांत तो कित्येक वर्षे होताच. आपल्याकडे नियम जन्मास येतो तेव्हा तो कोणास कळत नाही, कोणी मोठा माणूस दगावला म्हणजे त्याचे बारसे होते.

तथापि शहापूर-मुरबाडच्या मुलाच्या दृष्टीने पाहता या कायद्याचा रोख भलतीकडेच आहे. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली, त्यांत अठरा वर्षांखालील ९,५२८ होती. एकूण मृतांपैकी ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीवरील होते. सीटबेल्ट न लावल्याने मेलेल्यांची त्या वर्षीची संख्या १६,७१५, तर हेल्मेट नसल्याने मेलेल्यांची ५०,०२९. कारसीटचा प्रश्न लहान आहे असे यावरून ठरत नाही. ज्या तालुक्यात दहा घरांमागे मोटार एखाद्याकडे आणि दुचाकी निम्म्यांकडे, तेथे मुलाच्या सुरक्षिततेचा विचार डोक्यापासून सुरू करावा लागेल, एवढे मात्र ठरते.

दुचाकीच्या नियमातील एक तरतूद फारशी कोणी वाचलेली दिसत नाही. चार वर्षांखालील मुलासाठी ठरावीक मानकाचे सायकलचे हेल्मेटही नियमाने चालते. मोटारसायकलचे हेल्मेट चिमुकल्या मानेला जड होते, बाजारात त्या मापाचे सहसा मिळतही नाही. सायकलचे हलके असते व त्या मानाने स्वस्त पडते. बंद-पट्टा म्हणजे मुलाच्या अंगात घालावयाचे जाकीट व त्याला जोडलेले, चालकाच्या खांद्यांवरून घ्यावयाचे पट्टे. तो वजनास हलका, लहान-मोठा करता येणारा, पाण्याने न भिजणारा आणि तीस किलोचा भार पेलणारा हवा. मूल डुलकी घेऊन बाजूला घसरू नये, हा त्याचा पहिला उपयोग. मुरबाड-म्हसा रस्त्यावर पौषातील यात्रेहून रात्री परतताना बापाच्या पाठीशी झोपलेले मूल ज्यांनी पाहिले आहे, त्यांना याचे महत्त्व निराळे सांगावयास नको. ओढणीने किंवा साडीच्या पदराने मूल कमरेला बांधण्याचा जो प्रघात आहे, त्यात मूल खाली पडत नाही हे खरे. पण पदर चाकात गेला की दोघेही जातात.

आता ज्यांच्याकडे मोटार आहे त्यांच्याकडे वळू. वासिंद, आसनगाव, शहापूर, मुरबाड येथे गेल्या काही वर्षांत शिक्षक, लिपिक, कारखान्यांतील कामगार यांनी कर्जाऊ अथवा जुन्या मोटारी घेतल्या. अशा कुटुंबाला कारसीट परवडते काय? स्वस्तातले आसन चार-पाच हजारांच्या घरात, बऱ्या प्रतीचे दहा-पंधरा हजारांच्या पुढे. शिवाय एका आसनावर भागत नाही. पहिल्या वर्षात मागे तोंड करून बसणारे, पुढे पाच-पट्टी खुर्ची, त्यानंतर मुलाला उंच करणारी बैठक, की ज्यामुळे मोठ्यांचा पट्टा मानेवर न येता खांद्यावर यावा. कायद्याच्या कलमात यांपैकी कोणत्या वयाला काय, याची फोड नाही. पट्टा ‘अथवा’ आसन, एवढेच म्हटले आहे. परिणामी तीन वर्षांच्या मुलाला मोठ्यांचा पट्टा लावणारा बाप कायद्याच्या अक्षराला धरून असतो, आणि अपघातात तोच पट्टा मुलाच्या पोटात व गळ्यात रुततो.

फुकट अथवा कमी किमतीत आसन मिळवण्याची कोणतीही सरकारी योजना आज महाराष्ट्रात नाही. उरतो तो जुन्याचा मार्ग. ठाणे, कल्याण, मुंबईतील अनेक घरांत मुलांनी ओलांडलेली आसने माळ्यावर पडून आहेत. नातलगांकडे, कचेरीतील सहकाऱ्यांकडे शब्द टाकला तर निम्म्याहून कमी किमतीत, कधी फुकटही मिळतात. मात्र घेताना चौकस राहावे लागते. आसन ओळखीच्या माणसाकडचे असावे आणि ते एकाही अपघातातून गेलेले नसावे, कारण प्लास्टिकला गेलेला बारीक तडा डोळ्यांना दिसत नाही. त्यावर ए. आय. एस. ०७२ हे भारतीय मानक अथवा वर्तुळातील ‘ई’ ही युरोपीय खूण असावी. बनवल्याचे साल पाहावे, कारण उन्हात तापणारे प्लास्टिक सहा ते दहा वर्षांत कमकुवत होते. पट्टे विरलेले नसावेत. जुन्या मोटारींत आयसोफिक्सच्या लोखंडी कड्या बहुधा नसतात, तेव्हा मोटारीच्याच पट्ट्याने बांधता येणारे आसन निवडावे. मागे तोंड करणारे आसन एअरबॅग असलेल्या पुढच्या जागी कदापि ठेवू नये. आणि आसन मिळेपर्यंत? मूल मागे, पट्ट्यात, स्वतःच्या जागेवर. यास एक पैसाही लागत नाही, तरी नेमके हेच सर्वांत कमी पाळले जाते, हे नमूद करणे भाग आहे.

कायदा आधी आणि साधन मागाहून, या क्रमाचे काय होते ते केरळने दाखवून दिले. ऑक्टोबर २०२४ मध्ये तेथील परिवहन खात्याने लहान मुलांसाठी कारसीट सक्तीची करून डिसेंबरपासून दंड करण्याचे जाहीर केले. काही दिवसांतच परिवहन मंत्र्यांनी ते मागे घेऊन केवळ प्रबोधनावर समाधान मानले. देशात सर्वाधिक साक्षर म्हणून नावाजलेल्या राज्याची ही कथा. दुसरीकडे, जगातील अशा प्रकारच्या पहिल्या कायद्यांपैकी एक अमेरिकेतील टेनेसी राज्यात १९७७ साली झाला, आणि तोही निर्दोष नव्हता. मूल मोठ्या माणसाने हातांत धरलेले असेल तर आसनाची गरज नाही, अशी पळवाट आमदारांनी त्यात घुसवली. मांडीवरचे मूल मोठ्याच्या देहाखाली चिरडते हे वारंवार दाखवून दिल्यावर १९८१ साली ती काढावी लागली. १९८५ पर्यंत अमेरिकेतील सर्व राज्यांत कायदा आला. परंतु त्यासोबत रुग्णालये व स्थानिक सेवाभावी मंडळे यांनी आसने उसनी देण्याची केंद्रे चालवली, ही गोष्ट कायद्याइतकीच महत्त्वाची. बाळंतीण घरी निघताना अनामत भरून आसन न्यावे, बाळाने ते ओलांडले की परत करावे, अशी ती पद्धत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते अशा आसनांमुळे तान्ह्या बाळांचे अपघाती मृत्यू ७१ टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकतात. एवढा गुण असलेली लस असती तर सरकारने ती दुकानात जाऊन विकत घ्या, न घ्याल तर दंड भरा, असे सांगितले असते काय?

करांकडे पाहिले तरी हाच दृष्टिकोन दिसतो. सप्टेंबर २०२५ मध्ये वस्तू व सेवा कराच्या फेररचनेत लहान मोटारी व ३५० सी. सी. पर्यंतच्या मोटारसायकली २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आल्या. हेल्मेट होते तेथेच, १८ टक्क्यांवर राहिले. वाहन स्वस्त झाले, डोके वाचवणारी वस्तू जशीच्या तशी. ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप ही मोटारींची सुरक्षा-चाचणी सुरू झाली व मुलांच्या सुरक्षिततेचे तारे जाहिरातींत झळकू लागले. हे तारे चाचणीच्या वेळी गाडीत कारसीट बसवून मिळवलेले असतात. गाडी विकताना ती कारसीट गाडीबरोबर मिळत नाही. आणखी एक आकडा या संदर्भात आठवतो. १९९४ साली मोटार वाहन कायद्याला जोडलेल्या दुसऱ्या परिशिष्टाने, नुकसानभरपाईसाठी, मिळकत नसलेल्या व्यक्तीचे वार्षिक उत्पन्न १५,००० रुपये धरले. अपघातात गेलेले मूल त्याच सदरात मोजले जाई. न्यायालयांनी पुढे निरनिराळ्या निवाड्यांत तो आकडा अपुरा मानून वाढवला आणि २०१८ मध्ये ते परिशिष्टच बदलले. तरी जवळजवळ पाव शतक कायद्याच्या पुस्तकात मुलाच्या वर्षाचा भाव एका चांगल्या कारसीटच्या किमतीएवढा होता.

मोटार नाही आणि दुचाकीही नाही, अशा घरांतील मुले जीपने, सहा आसनी रिक्षाने आणि एस. टी. ने जातात. जीप भरल्यावाचून सुटत नाही, हे तिचे अर्थशास्त्र. क्षमतेपेक्षा जास्त घेतलेल्या प्रत्येक उतारूमागे दोनशे रुपये दंड कायद्यात आहे. पण मांडीवरचे मूल चालक उतारूंत मोजत नाही आणि पोलिसही मोजत नाही. मोजले तर जीप बंद पडेल आणि लोक पायी जातील, हे दोघांनाही ठाऊक असते. मुरबाड तालुक्यात रेल्वे पोचलेली नाही. शहापूर तालुक्यात ती वासिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा या पट्ट्यापुरतीच आहे. म्हणून ऑक्टोबर २०२१ ते एप्रिल २०२२ या काळातील एस. टी. संपात आतल्या गावांतील शाळकरी मुलांचे हाल झाले आणि ती सारी टपांपर्यंत भरलेल्या खासगी वाहनांत कोंबली गेली.

येथे एक साधे सत्य सांगितले पाहिजे. मोठी, जड, बेताच्या वेगाची बस हे मुलासाठी रस्त्यावरील सर्वांत सुरक्षित वाहनांपैकी एक असते. शहापूर-मुरबाडच्या मुलाला मिळू शकणारे खरे फुकटचे सुरक्षा-आसन हे एस. टी. मधील खिडकीलगतची जागा होय. पाचवी ते बारावीच्या ग्रामीण मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेखाली मोफत पास आहे, मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे भाडे आहे. सवलत आहे, पण शाळेच्या वेळेला गाडी नसेल तर सवलत पासावरच राहते. सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण आयुक्तालयाने कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याबाबत प्रस्ताव मागवले, तेव्हा अनुदान, इमारती, शिक्षक यांचा पुष्कळ ऊहापोह झाला. वाडीवरचे सात वर्षांचे मूल त्या शाळेत कोणत्या वाहनात, कोणाच्या मांडीवर बसून जाणार, हा प्रश्न शेवटच्या परिच्छेदात टाकला गेला. स्कूलबससाठी २०११ सालचे राज्याचे नियम आहेत, त्यांत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समितीची तरतूद आहे. आपल्या शाळेची बस नाही म्हणून ही समिती नको, असे मानणाऱ्या शाळांतील मुलेच रिक्षाच्या चालकाशेजारी अर्धी बाहेर बसून येतात.

उसन्या आसनांची पद्धत या दोन तालुक्यांत सुरू करावयाची तर तिची जागा शोधत फिरावयास नको. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून सरकारी रुग्णालयात प्रसूत झालेल्या मातेला व बाळाला घरी पोचवण्याची मोफत सोय आहे. शहापूरचे उपजिल्हा रुग्णालय असो की मुरबाडचे ग्रामीण रुग्णालय, बाळाचा जगातील पहिला प्रवास १०२ क्रमांकाच्या सरकारी गाडीत होतो, आणि तोही आईच्या, नाही तर आजीच्या मांडीवर. ज्या सरकारने मांडीवर मूल नेऊ नये असा कायदा केला, त्याच सरकारच्या गाडीत हा कायदा पहिल्या दिवशी बाजूला ठेवला जातो. या गाड्यांत पट्ट्याने बांधता येईल असे तान्ह्या बाळाचे एकेक आसन बसवण्यास नव्या कायद्याची गरज नाही. राज्याने २०१९ मध्ये पहिलटकरणींसाठी दोन हजार रुपये किमतीची ‘बेबी केअर किट’ सुरू केली. मच्छरदाणी, अंगडी-टोपडी देता येतात तर रुग्णालयाच्या भांडारातून मोटारवाल्या कुटुंबाला आसन व दुचाकीवाल्याला बंद-पट्टा आणि लहान हेल्मेट अनामतीवर का देता येऊ नये? पट्टा व हेल्मेट बाळ मानेवर डोके पेलून आधाराने नीट बसू लागल्यावरच द्यावयाचे, हे लसीकरणाच्या दिवशी परिचारिकाही सांगू शकेल.

हिशेब अवघड नाही. तान्ह्या बाळाचे सहा हजारांचे आसन बाळ साधारण वर्षभरात ओलांडते. आसन सहा वर्षे टिकले तर सहा बाळे त्यातून जातात. एका बाळामागे खर्च येतो एक हजार रुपये. कलम १९४-ब मधील दंडाची रक्कम नेमकी तेवढीच आहे.